अनुयोजन व कार्यांतर : तेरचे त्रिविक्रम मंदिर

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तातील तगर नगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याचा तलविन्यास चापाकार, म्हणजे मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे. बौद्ध चैत्यगृहांत हा आकार स्तूपाभोवतीच्या प्रदक्षिणेस सोयीचा होता; तेरला मात्र तेथे विष्णूची मूर्ती आहे. हेन्‍री कझेन्स यांनी १९०२-०३ च्या सुमारास ही वास्तू मूळची चैत्यगृह ठरविली. पुढील सपाट छताचा मंडप उत्तरकालीन आहे.

एका कार्यासाठी घडलेली रचना दुसऱ्याच कार्यास उपयोगी पडणे, हे सजीवांच्या क्रमविकासातही आढळते. उडू न शकणाऱ्या डायनोसॉरांच्या जीवाश्मांतही पिसे आढळल्याने ती उड्डाणापूर्वीची ठरतात. स्टीफन जे गूल्ड व एलिझाबेथ व्ऱ्बा यांनी १९८२ मध्ये अशा कार्यांतरास अनुयोजनाहून वेगळे नाव दिले. हे साम्य अर्थात मर्यादितच. वास्तूत माणूस हेतुपुरस्सर फेरफार करतो, तर सजीवांत आनुवंशिक भेदांवर नैसर्गिक निवडीची क्रिया होते आणि तिला हेतू नसतो.

अवशेषांगांचे उदाहरणही या वास्तुपरंपरेत आहे. लाकडी छताच्या कमानदार फासळ्या भाजे व कार्ले येथील शैलगृहांत लाकडाच्याच बसविल्या. अजिंठ्याच्या १९ व २६ क्रमांकांच्या लेण्यांत त्या दगडात कोरल्या. छत अखंड खडकाचे असल्याने त्यांच्यावर भार कसलाच नव्हता. तेरच्या गवंड्यांनी मात्र विटांचा प्रत्येक थर किंचित आत सरकवीत गजपृष्ठाकार छत साधले. बाह्य रूप तेच राहिले, रचनातंत्र पालटले.

तथापि केवळ आकारावरून मूळ कार्य ठरविणे धोक्याचे असते. डार्विनने १८५९ मध्ये माशांच्या वाताशयापासून फुप्फुस झाल्याचे मानले होते. पुढील संशोधनाने हा क्रम उलट, फुप्फुस आधीचे, असल्याचे दाखविले. ऐहोळेचे दुर्ग मंदिर चापाकार असूनही प्रारंभापासून हिंदू देवालयच आहे. तेरचे मंदिरही मूळचे वैष्णव असावे, असे काही अभ्यासक मानतात. तेरच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. पण त्यांवरून गावातील बौद्ध वस्ती सिद्ध होते, या मंदिराचे मूळ नव्हे.