मिठाची गुळणी

वजू करताना तीन वेळा तोंडात पाणी घेऊन टाकायचे, ही सवय महाड-पोलादपूरकडच्या मुसलमान घरांत लहानपणीच लागते. या एवढ्याशा क्रियेला आमच्याकडे नावे मात्र अनेक. फिक्हच्या पुस्तकात ती 'मजमजा', उर्दूत 'कुल्ली' आणि मराठीत 'चूळ'. घसा बसला की उर्दूत 'गरारे' करतात, मराठीत 'गुळण्या'. चूळ तोंडापुरती, गरारा घशापर्यंत. गुळणी दोन्हीकडे चालते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. रोज्यात कुल्ली चालते, पण पाणी घशाखाली उतरू नये म्हणून गरारा टाळतात. गुस्लमध्ये कुल्ली हनफींच्या मते फर्ज, तर शाफईंच्या मते सुन्नत. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि उर्दूतली मसाइलची पुस्तके बहुधा हनफी. म्हणून मुलांना हा फरक मुद्दाम सांगावा लागतो.

'गरारा'चे मूळ अरबी 'गरगरा'. घशात पाणी खळखळते, त्या आवाजावरून झालेला हा शब्द. मरणाऱ्या माणसाच्या घशातील आवाजालाही अरबीत हेच नाव आहे. त्या घटकेपर्यंत तौबा कबूल होते, या आशयाची हदीस तिरमिजीत आहे. मराठीतही शेवटची 'घरघर' लागते! यात उसनवारी शोधायला नको. माणसाचा घसा सगळीकडे सारखाच वाजतो.

'चूळ' आली संस्कृत 'चुलुक'वरून. पाणी घेण्यासाठी खोलगट केलेला तळहात, हा त्याचा अर्थ. महाडकरांनी तर हा अर्थ विसरूच नये. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्यांना. पुढे सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. तळ्याच्या पाण्याचा हक्क मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी मान्य केला.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'मिठाची गुळणी धरणे'. तोंडात खारट पाणी धरले की बोलता येत नाही. म्हणून बोलायच्या वेळी गप्प बसणाऱ्याला असे म्हणतात. दार उघडणाऱ्यांनी आणि जमीन देणाऱ्या फत्तेखानांनी 1927 साली मिठाची गुळणी धरली नव्हती. मात्र त्यांच्याविषयी सांगायची वेळ आली की आज आपण ती धरतो. भाषेचेही तसेच. घरात चूळ भरायची, घसा दुखला की गुळण्या करायच्या आणि बाहेर कोणी 'मराठी तुमची नव्हे' म्हटले की गप्प राहायचे! आम्ही वर्गात 'गरारा' शिकवतो तेव्हा फळ्यावर शेजारी 'गुळणी'ही लिहितो. मुलांना दोन्ही शब्द आधीपासूनच येत असतात. दोन्ही आपलेच आहेत, एवढे त्यांना मोठ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.