वाजला, पण ऐकू आला नाही : फोनच्या ‘सायलेंट’ कळीचा इतिहास

मुंबई–नाशिक महामार्गावरील पडघा हे भिवंडी तालुक्यातील गाव. महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेतील एक महत्त्वाचे ४०० केव्ही उपकेंद्र याच परिसरात आहे. चंद्रपूरहून सुमारे ७५० किलोमीटरचे अंतर कापून येणारी, १५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब डीसी वाहिनी येथे येऊन थांबते. अशा उपकेंद्रांत कोणतीही कळ चुकून दाबली जाऊ नये, याची विलक्षण काळजी घेतलेली असते. ब्रेकरने प्रवाह तोडल्याखेरीज आयसोलेटर हलतच नाही. या बंधनाला इंटरलॉक म्हणतात. संगणकावरून आज्ञा द्यायची असली, तरी सर्वसाधारणपणे आधी उपकरण निवडावे लागते आणि मग वेगळ्या कृतीने त्या आज्ञेवर शिक्कामोर्तब करावे लागते. एका स्पर्शाने काहीही घडत नाही.

याच पडघ्याच्या आसपास गोदामांचे प्रचंड जाळे पसरले आहे. बाहेर ट्रक-टेम्पोंच्या रांगा असतात आणि आपला नंबर केव्हा लागतो याची वाट पाहत चालक सावली शोधून बसलेले असतात. त्यांच्या खिशातल्या कळीला मात्र कोणताही इंटरलॉक नाही. खिशाच्या शिवणीशी किंचित घर्षण झाले, फोन बाहेर काढताना अंगठा कडेवर पडला, की फोन मुका होतो. गेटवरून आलेला फोन उचलला गेला नाही, तर पाळी मागच्या गाडीची होते.

फोन गप्प करण्याची सोय इतकी सहज, इतकी नकळत घडणारी कशी झाली? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षे मागे जातो आणि त्याची सुरुवात काहीशी गमतीदार आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८७६ साली दूरध्वनीचे पेटंट घेतले, तेव्हा त्या यंत्राला घंटाच नव्हती. पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी यंत्रात मोठ्याने ओरडावे लागे. बेलचा सहकारी थॉमस वॉटसन याने आधी पडद्यावर ठोके देणारी हातोडी बसवून पाहिली, मग गुणगुणणारे यंत्र करून पाहिले, आणि अखेर १८७८ साली दोन वाट्यांमध्ये हलणाऱ्या टोल्याची ती घंटा सिद्ध केली, जी पुढे जवळजवळ शतकभर जगभर खणखणत राहिली. म्हणजे दूरध्वनीपुढचा पहिला व्यावहारिक प्रश्न ‘वाजवायचे कसे’ हा होता. ‘गप्प कसे करायचे’ हा प्रश्न फार उशिरा आला.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. पुढील शंभर वर्षे मराठी घरांत दूरध्वनी ही दुर्मीळ वस्तू होती; अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. यंत्र खात्याच्या मालकीचे असे आणि त्याची घंटा हा घराचा सार्वजनिक आवाज असे. ज्यांच्याकडे फोन नसे, ते ओळखपत्रावर किंवा लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा क्रमांक देत आणि पुढे ‘पी.पी.’ असे लिहीत. शेजारच्या घरात घंटा वाजे, मग जिन्यातून हाक येई. एका घंटेवर आख्खा वाडा किंवा चाळ अवलंबून असताना ती बंद करण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे असणे कोणाला पटलेही नसते.

तरीही शांतता हवी असे. त्यासाठी लोक रिसीव्हर उचलून बाजूला ठेवून देत. या साध्या युक्तीत एक गोष्ट होती, जी नंतर हरवली. रिसीव्हर काढून ठेवला, की पलीकडच्या माणसाला ‘एंगेज’चा आवाज ऐकू येई. फोन लागत नाही, हे त्याला कळे. कारण चुकीचे कळत असेल. कोणीतरी बोलत आहे असे त्याला वाटे. पण आपल्याला कोणी मुद्दाम टाळत आहे, अशी शंका त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात, कोलकाता व दिल्ली यांदरम्यान झाला. सुरुवातीच्या काळात मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. फोन वाजणे हा तेव्हा प्रतिष्ठेचा आवाज होता. हॉटेलात, लग्नात, रेल्वेच्या पहिल्या वर्गात तो सगळ्यांना ऐकू जावा, अशीच मालकाची इच्छा असे.

ही इच्छा अल्पायुषी ठरली. मोटोरोलाचा ‘स्टारटॅक’ १९९६ साली आला. थरथरून सूचना देणाऱ्या पहिल्या काही मोबाइल फोनांत त्याची गणना होते. पाठोपाठ नोकियाने ‘प्रोफाइल’ ही कल्पना रुजवली : जनरल, सायलेंट, मीटिंग, आउटडोअर. या यादीतून त्या काळातील ग्राहकाचे चित्र स्पष्ट दिसते. तो बैठकांना जाणारा माणूस आहे. बैठकीत फोन वाजला, तर त्याची नामुष्की होईल. फोन न वाजल्यामुळे ज्याचा रोज बुडेल, असा माणूस ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

पुढे नोकियाच्या अनेक फोनांत हॅशची कळ दाबून धरली, की फोन थेट सायलेंटवर जाई. कीपॅडला कुलूप लावायला विसरलेल्या असंख्य खिशांत हा प्रकार आपोआप घडला असणार.

नेमक्या याच काळात भारतात फोन स्वस्त झाला. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि त्याबरोबर एक नवी भाषा बहरली : मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. या भाषेत घंटा हाच मजकूर होता. फोन उचलणे अपेक्षितच नव्हते. फोन चुकून सायलेंटवर असला, तर पडद्यावर नोंद उरे, पण वेळ निघून गेलेली असे. ‘खाली ये’ हा निरोप अर्ध्या तासाने वाचून काय उपयोग!

स्वतंत्र, बोटाला चाचपता येणारी सायलेंट कळ ट्रिओ ६५०सारख्या काही फोनांवर आधीच होती. पण ती जगभर ओळखीची झाली, ती ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झालेल्या आयफोनमुळे. त्याच्या डाव्या कडेवर एक छोटी सरकती पट्टी होती. खिशात हात घालून, पडदा न पाहता फोन गप्प करता येणे, हा तिचा गुण. आणि तोच तिचा दोष. जी कृती न पाहता करता येते, ती न कळतही होते.

या कळीने नेमके काय गप्प करावे, यावर स्वतः निर्मात्यांचेही एकमत नव्हते. २०१० साली आलेल्या आयपॅडवर याच जागी पडद्याची दिशा पक्की करणारी कळ होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयओएस ४.२ आले आणि तीच कळ एकाएकी आवाज बंद करू लागली. वापरणाऱ्यांनी इतकी ओरड केली, की मार्च २०११ मध्ये निवड त्यांच्याच हाती सोपवावी लागली.

१० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये याहून मोठा प्रसंग घडला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक माहलरची नववी सिंफनी वाजवत असताना, अगदी अखेरच्या हळुवार भागात, पहिल्या रांगेतून आयफोनची मारिम्बा धून सुरू झाली. ती थांबेना. संचालक अ‍ॅलन गिल्बर्ट यांनी वादन थांबवले. त्या श्रोत्याला नवा फोन आदल्याच दिवशी मिळाला होता आणि तो त्याने सायलेंटवर टाकलाही होता. वाजत होता तो गजर. तो नकळत लागलेला होता आणि सायलेंट कळीला जुमानत नव्हता. मग अनेक दिवस वाद रंगला : कळ सरकवल्यावर गजरही बंद व्हायला हवा का? तसे झाले, तर चुकून सरकलेली कळ रोज कितीतरी जणांची सकाळ बुडवेल. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. खरे तर येथेच या कळीचा सारा पेच उघडा पडतो : एका चुकीपासून वाचवणारी प्रत्येक व्यवस्था दुसऱ्या चुकीला वाट करून देते.

महाराष्ट्रात हा वाद प्रामुख्याने नाट्यगृहात झाला आणि तोही एकाच बाजूने. जुलै २०१९ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’च्या प्रयोगात फोन वाजत राहिल्याने सुबोध भावे यांनी समाजमाध्यमावर उद्वेग व्यक्त केला आणि हे असेच चालणार असेल, तर नाटकात काम न केलेलेच बरे, अशी भूमिका मांडली. त्याच वर्षी सुमीत राघवन यांनी ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा नाशिकमधील प्रयोग फोनमुळे थांबवला. नाट्यगृहांत जॅमर बसवण्याचीही चर्चा झाली. योगायोग असा, की वसंत कानेटकरांच्या याच ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये एकेकाळी काशिनाथ घाणेकरांच्या लाल्याला प्रेक्षक शिट्ट्यांनी डोक्यावर घेत. आवाज तेव्हाही होत होता. पण तो नटाला उद्देशून होता, बाहेरच्या जगाचा नव्हता. कलावंतांचा राग पूर्णपणे रास्त होता. मात्र जॅमर हा उपाय सुचवताना, प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या डॉक्टरचा किंवा घरी आजारी माणूस ठेवून आलेल्या मुलीचा विचार क्वचितच झाला.

अँड्रॉइडचा इतिहास तर निव्वळ हेलकाव्यांचा आहे. सुरुवातीपासून आवाज कमी करण्याची कळ दाबत गेले, की शेवटी फोन सायलेंट होई. गाण्याचा आवाज कमी करायला जावे आणि रिंगच बंद व्हावी, हे नेहमीचेच. २०१४ च्या लॉलीपॉपने ही जुनी सायलेंट अवस्थाच काढून टाकली. तक्रारी आल्या, पुढच्याच आवृत्तीत ती परतली. २०१५ साली वनप्लस २ ने कडेवर तीन टप्प्यांची सरकती कळ दिली. २०१८ च्या ‘पाय’ या आवृत्तीत कडेच्या कळा मुळातच गाण्या-चित्रफितींच्या आवाजाशी जोडल्या गेल्या, म्हणजे रिंग चुकून कमी होण्याचा एक मार्ग बंद झाला. परंतु त्याच वेळी पॉवर आणि आवाज वाढवण्याची कळ एकत्र दाबून रिंग रोखण्याची नवी सोयही आली. फोन मुठीत घट्ट धरणाऱ्याला त्याचा अनुभव आला असेलच.

मधल्या काळात, कासावीस होऊन फोन करणारा पलीकडचा माणूस अभियंत्यांच्या थोडा लक्षात आला. आयफोनच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये, तीन मिनिटांच्या आत त्याच क्रमांकावरून दुसरा कॉल आला तर तो वाजू द्यावा, अशी सोय केली गेली. हरवलेला फोन सायलेंटवर असला, तरी दूरवरून पूर्ण आवाजात वाजवता येऊ लागला. पण कडेची पट्टी सरकलेली असेल, तर नेहमीचा कॉल दहा वेळा आला तरी मुकाच राहतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवरून ती सरकती पट्टी नाहीशी झाली. तिच्या जागी आलेले ‘ॲक्शन’ बटण नुसते दाबून भागत नाही, ते क्षणभर दाबून धरावे लागते. उपकेंद्रातील दोन पायऱ्यांची शिस्त, अगदी पुसट रूपात, खिशापर्यंत पोहोचायला सोळा वर्षे लागली. आणि तीही तेव्हा सर्वांत महागड्या फोनांपुरतीच होती.

फोन करणाऱ्याच्या बाजूला मात्र फारसे काही बदललेले नाही. त्याला ऐकू येणारी रिंग ही पलीकडच्या घंटेचा आवाज कधीच नव्हती. पूर्वी ती दूरध्वनी केंद्रातून येई, आज नेटवर्कमधून किंवा त्याच्याच फोनमधून येते, मध्यंतरी तिची जागा कॉलर ट्यूनच्या गाण्याने घेतली होती. पलीकडचा फोन मुका असला, तरी त्याला ती तितकीच स्पष्ट ऐकू येते. रिसीव्हर बाजूला ठेवणाऱ्याच्या वाट्याला न आलेला आरोप म्हणून आज चुकून सायलेंट झालेल्या फोनच्या मालकावर होतो : “वाजत होता, उचलला का नाहीस?” या प्रश्नावर ‘सायलेंटवर गेला होता’ हे उत्तर खरे असूनही बहाण्यासारखे वाटते, कारण बहाणा करणारेही हेच सांगतात.

पडघ्याच्या गोदामात यावर जुनाच तोडगा चालतो. दोनदा रिंग जाऊनही चालक उचलत नाही, असे दिसले, की गेटवरचा माणूस त्याच रांगेतल्या दुसऱ्या चालकाला फोन लावतो आणि म्हणतो, “जरा त्याला हाक मार.”