तेलमेण आणि तोफा : आज्ञापत्रातील गंजनिवारण

दिल्लीत धातुशास्त्र शिकवताना गंजाचा पाठ आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, मग आपल्या पूर्वजांना न गंजणारे लोखंड करता येत होते ना? तसे असेल तर तोफा त्याच लोखंडाच्या का केल्या नाहीत? प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे. तेथूनच सुरुवात करू.

स्तंभाच्या लोखंडात सुमारे ०.२५ टक्के फॉस्फरस आहे. आजच्या बांधकामाच्या पोलादात तो ०.०५ टक्क्यांच्याही खाली ठेवतात. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की या फॉस्फरसमुळे स्तंभावर फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर तयार झाला आहे आणि तो आतील लोखंडाला राखतो. वर्षाचा बराच काळ कोरडी असणारी दिल्लीची हवाही मदतीला आहे. जमिनीत गाडलेला भाग मात्र बाहेरच्या भागाइतका सुदैवी ठरला नाही. तो चांगलाच गंजला होता.

पण हाच फॉस्फरस लोखंडाला ठिसूळ करतो. स्तंभाला नुसते उभे राहायचे असते, तोफेला प्रत्येक बाराला आतून बसणारा धक्का सोसायचा असतो. ठिसूळ तोफ शत्रूआधी आपल्याच गोलंदाजाला मारील. दुसरा मार्ग काशाचा. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती काशाची असल्याने तिच्यावर तांबडा गंज चढत नाही. पण तांबे महाग आणि कथील त्याहून दुर्मीळ, त्यामुळे गडागडांवर लोखंडी तोफाच राहिल्या. त्या गंजणारच. म्हणजे प्रश्न धातूचा न राहता देखभालीचा झाला.

या प्रश्नाचे मराठीतले लेखी उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. इ.स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ आपण राजनीतीसाठी वाचतो, पण त्याचे दुर्गप्रकरण अभियंत्याने एकदा तरी वाचावे. पावसाळ्यात तोफांना व दरवाजांना तेलमेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरावे आणि तोफेपुरते आच्छादन घालावे, असे तेथे सांगितले आहे. काना म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र.

हे किती नेमके आहे पाहा. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपुढे गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात ती महिनोन् महिने ९० च्या आसपास असते. नुसते तेल लावले तर ते ओघळून जाते, पावसाने धुपते. नुसते मेण घट्ट असते, ते खाचाखोचांत शिरत नाही. दोन्ही मिसळले की पसरतेही आणि टिकतेही. आज यंत्रांचे भाग गोदामात ठेवताना वापरतात त्या गंजरोधक लेपांचे तत्त्व हेच आहे. आणि काना बुजवणे तर फारच महत्त्वाचे. बार झाल्यावर नळीत दारूचे क्षार उरतात, ते हवेतले पाणी ओढून घेतात. त्यात कान्यातून पावसाचा थेंब उतरला की तोफ आतून सडू लागते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दारूखान्याबद्दलही तितकीच काळजी आहे. तो वस्तीपासून दूर असावा, तळघर गच्चीचे करावे, जमिनीवर न ठेवता माचावर दारूची मडकी ठेवावी, सर्दी पोहोचू देऊ नये. तळघरात आगीचे भय कमी, पण ओल जास्त. चुन्याची गच्ची आणि माच हा त्यावरचा तोडगा. शोरा अगदी शुद्ध असेल तर फारसे पाणी घेत नाही. परंतु मातीतून काढलेल्या शोऱ्यात मिठासारखे इतर क्षार राहतात, ते ओल धरतात आणि दारू निकामी होते. म्हणूनच आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशी आज्ञा आहे.

मला या मुद्रेचे विशेष वाटते. ओल डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काम टाळणे सोपे असते. दर वेळी मुद्रा फोडून पुन्हा करायची म्हटल्यावर कोण आले, कधी आले याचा जाब आपोआप राहतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या तपासणी-नोंदवहीचा हा पूर्वजच.

आज गडांवर पडलेल्या तोफांना मात्र हा हवालदार उरलेला नाही. दुर्गप्रेमी मंडळी मोठ्या मेहनतीने त्या उचलून गाड्यांवर बसवतात आणि पुष्कळदा काळा ऑइलपेंट फासतात. हेतू चांगला, पण समुद्राकाठच्या किंवा मातीत पुरून राहिलेल्या लोखंडात क्लोराइड मुरलेले असते. ते न काढता वर रंग दिला तर गंज रंगाखाली चालूच राहतो आणि काही वर्षांनी पापुद्रे धरून लोखंडच सुटते. आधी क्षार काढणे, मग पूर्ण वाळवणे आणि शेवटी काढता येईल असा मेणाचा लेप, हा क्रम पाळावा लागतो; तोही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि संवर्धनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मेणाचा लेप दरसाल पावसाळ्यापूर्वी तपासून पुन्हा द्यावा लागतो.