श्वापदाची निर्मिती

विल्यम गोल्डिंग यांच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' (१९५४) या कादंबरीची चर्चा बहुधा माणसातील उपजत दुष्टतेच्या अंगाने होत आली आहे. खुद्द लेखकाच्या नंतरच्या खुलाशांनी या वाचनाला बळ पुरवले. बॅलंटाइनच्या 'द कोरल आयलंड'मधील धीट, सुसंस्कृत इंग्रज मुलांचे चित्र गोल्डिंग यांना उलटवायचे होते, हेही सर्वश्रुत आहे. तथापि संहिता बारकाईने वाचली असता निर्णायक क्षणी क्रौर्याच्या आधी भय येऊन ठेपलेले दिसते, आणि त्या भयाला स्वतःचा इतिहास आहे.

गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते; १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत त्यांनी भाग घेतला होता. कादंबरीच्या मूळ हस्तलिखिताचा आरंभ अणुयुद्धाच्या वर्णनाने होत असे. फेबर अँड फेबरचे संपादक चार्ल्स माँटिथ यांच्या सूचनेवरून तो भाग गळाला. रचनेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु युद्ध पडद्याआड गेल्याने मुलांचे भय अकारण भासू लागले, आणि अकारण भयाचे मूळ स्वभावात शोधणे वाचकाला सोपे झाले.

तरीही युद्ध पुरते गळालेले नाही. बेटावरील 'श्वापद' आरंभी एका लहानग्याच्या तोंडून येते. तोच मुलगा पहिल्या वणव्यात नाहीसा होतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलण्याचे सारे टाळतात. पुढे मोठ्यांच्या जगाकडून काहीतरी खूण यावी, अशी इच्छा व्यक्त होते. येते ते आकाशातील लढाईत मेलेल्या छत्रीधारी सैनिकाचे प्रेत! श्वापदाला शरीर मिळते ते असे, युद्धाकडून.

सायमनच्या हत्येचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. वादळ जवळ आले आहे, आसरा नाही, लहान मुले घाबरली आहेत. अशा वेळी जॅक नृत्याचा आदेश देतो. राल्फ आणि पिगी हे विवेकाचे पक्षधर. पण वरच्या आभाळाच्या धास्तीने त्यांनाही त्या वर्तुळात जागा हवीशी वाटते. वर्तुळात सुरक्षितता आहे, आणि तिची किंमत वर्तुळाबाहेरून येणाऱ्याला मोजावी लागते. सायमन तर श्वापद म्हणजे केवळ एक प्रेत आहे, हेच सांगायला येत असतो. भीती घालवणारी वार्ता भीतीपोटीच ठेचली जाते. दुसऱ्या दिवशी जॅक टोळीला बजावतो, की श्वापद वेषांतर करून आले होते. ते मेलेले नाही, पुन्हा येईल. येथपर्यंत भय ही अवस्था होती, आता ते राज्यकारभाराचे साधन होते. टोळीच्या दृष्टीने श्वापद जिवंत राहणे आवश्यक ठरते.

पिगीवर शिळा लोटणारा रॉजर मात्र भ्यालेला नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याचे क्रौर्य थंड आहे. भयाच्या सूत्रात ते सहजी बसत नाही. पण हाच रॉजर आरंभी एका लहानग्याच्या दिशेने दगड मारतो तेव्हा मुद्दाम नेम चुकवतो. आईवडील, शाळा, पोलीस आणि कायदा यांचा अदृश्य धाक त्याचा हात आवरतो. तो धाक नाहीसा होण्यास जॅकची टोळी उभी राहावी लागली, आणि त्या टोळीत मुले गेली ती शिकारीच्या मांसासाठी तितकीच श्वापदापासून संरक्षण मिळावे म्हणूनही.