खुंटीवरची बंदूक

आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडच्या गावांत बंदूक ही लढाईची वस्तू कधी नव्हती. नांगर, कोयता, पारय, तशीच ती. भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरणार, काजूवर माकडं येणार. म्हणून घरटी नाही तरी वाडीत दोन-तीन ठासणीच्या बंदुका असायच्याच. मुंबईच्या पाहुण्याला त्याचं भारी नवल. खुंटीकडे बघत तो आधी विचारणार, परवाना आहे का? आहे. आमच्या आजोबांच्या परवान्यावर रत्नागिरीचा शिक्का, कारण सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला 1981 साल उजाडायचं होतं.

परवान्याची ही भानगड इंग्रजांची. 1857 च्या बंडानंतर रयतेच्या हातात हत्यार राहू द्यायचं नाही हे त्यांनी मनात पक्कं केलं. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना 1878 साली हत्यारांचा कायदा झाला. देशी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, गोऱ्याला मात्र मोकळीक. काँग्रेसनं आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच याविरुद्ध ठराव केले, ते त्या दुजाभावाची बोच होती म्हणून. याच राजवटीत कोडगू म्हणजे कूर्गच्या लोकांना परवान्यातून सूट मिळाली, ती आजतागायत चालू आहे. त्यांच्याकडे सणाला बंदुकीची पूजा होते. आमच्याकडे खंडेनवमीला कोयत्या-कुऱ्हाडीबरोबर बंदुकीलाही गोंड्याचं फूल मिळतं, पण सूट काही मिळाली नाही.

पिस्तुलाचं आणखी वेगळं. शाळेत आम्ही शिकलो ती पिस्तुलं सगळी लपवलेली. 22 जून 1897 ला पुण्याच्या गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडला गाठलं. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडलं. ती पिस्तुलं लंडनहून सावरकरांनी पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेली. तेव्हा पिस्तूल म्हणजे कमरेला लावून मिरवायची वस्तू नव्हती, जिवावर उदार होऊन दडवायची होती. हे अलीकडं लोक विसरले.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, 1962 पासून लागू झाला. त्यात आमच्यासारख्यांची आठवण ठेवलेली आहे. नळी निदान वीस इंचांची असलेली साधी बंदूक स्वसंरक्षणाला किंवा शिकारीला, आणि खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणाला ठासणीची. ठासणीनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर काडतुसाची. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर या ओळीत बसत नाही, त्याला वेगळी कारणं दाखवावी लागतात. हा फरक कायदा करणाऱ्यानं विचारानं केला असं मला वाटतं. लांब नळीची बंदूक चोरून नेता येत नाही, खिशात विसरली जात नाही आणि भांडणात पटकन हाताला येत नाही.

आता ती घरात ठेवायची कशी? ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू घालतात, मग सोडणाचा किंवा चिंधीचा बोळा, मग छरे, वर पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. मागं कानावर केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. खरी अडचण पुढंच आहे. काडतूस काढून घेता येतं, ठासलेली दारू सहज निघत नाही. ती काढायची सोपी वाट म्हणजे बार उडवणं. डुक्कर आलंच नाही तर? रात्रभर माळ्यावर बसून पहाटे परतताना तो बार फुकट घालवायचा म्हणजे दारू गेली, छरे गेले. म्हणून पुष्कळ जण नुसती केप काढून भरलेली बंदूक तशीच खुंटीला टांगत. उद्या रात्री पुन्हा जायचंच आहे.

आमच्या आजोबांना हे बिलकूल मान्य नव्हतं. "बार मोकळो केल्याशिवाय उंबरो ओलांडूचो नाय," हा त्यांचा हुकूम. पहाटे मळ्याच्या कडेनं धडाम असा आवाज आला की आजी चुलीवर आधण ठेवायची. ते पाणी थोडं चहाला आणि थोडं नळीला. दारूची काजळी राहिली तर ओल धरते आणि पावसाळ्यात नळी आतून खाल्ली जाते, म्हणून गरम पाण्यानं धुवायची, चिंधीनं कोरडी करायची, तेलाचा हात द्यायचा. बंदूक चुलीपासून लांब, माणसाच्या हाताच्या वर. दारू दुसऱ्या खोलीत, आणि केपा आजोबांच्या कमरेच्या चंचीत, पान-सुपारीबरोबर. तिन्ही वस्तू एका जागी कधी आल्या नाहीत. ओली दारू कधीकधी उशिरा पेटते, म्हणून चाप ओढून बार नाही झाला तर नळी समोरच्या रिकाम्या मेरेकडे धरून बराच वेळ उभं राहायचं. नळीत डोळा घालायचा नाही. चौथीत असताना हे मला तोंडपाठ होतं, पाढे नव्हते.

केपांचा एवढा कडक बंदोबस्त का, ते मी सहावीत असताना कळलं. पलीकडच्या गावात एका घरी भरलेली बंदूक केप काढून टांगलेली होती. केपा फळीवर डबीत. पोरांना त्या टिकल्यांसारख्या वाटतात, दगडानं ठेचल्या की फटकन वाजतात. घरची माणसं कापणीला गेलेली. थोरल्या पोरानं स्टूल घेतलं, बंदूक उतरवली आणि एक केप लावून बघितली. समोर धाकटी बहीण होती. त्या घराचं नाव मी लिहीत नाही, त्यांचे नातू आता कर्ते आहेत. त्या बापाचं वाक्य मात्र आमच्या वाडीपर्यंत पोचलं. पोलिसांना तो एवढंच सांगत होता, "साहेब, केप काढलेली होती ओ."

पुढं 1990 नंतर जमिनींना भाव आले, खडी-वाळूचे धंदे आले आणि कमरेला रिव्हॉल्व्हर लावणारे पुढारी दिसायला लागले. लग्नाच्या मांडवात शर्ट मुद्दाम वर सरकवून बसणारे मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाच्या तोंडून मी स्वतः ऐकलं, "मॅगझिन काढलंय, आता खेळणंच आहे." मला त्या बापाची केप आठवली. मॅगझिन काढलं तरी पिस्तुलाच्या नळीत चढलेली गोळी तिथंच असते. खटका मागं ओढून, आत बघून, बोट घालून खात्री करेपर्यंत ते भरलेलंच समजायचं. रिव्हॉल्व्हरचंही तसंच. जुन्या बनावटीत घोडा गोळीवर टेकलेला असताना ते हातातून पडलं तर बार व्हायची भीती असते. म्हणून जाणती माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची. संरक्षणाला घेतलेलं हत्यार उशीखाली भरून ठेवतात, आणि त्याच उशीवर नातवंडं लोळतात, याचा विचार कोणी करत नाही.

2016 च्या नियमांनी यातलं बरंच कागदावर आणलं. हत्यार सुरक्षित ठेवीन अशी हमी लिहून द्यावी लागते, हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून. 2019 च्या दुरुस्तीनं माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, आणि लग्नाकार्यात हौसेनं बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड सांगितला. मांडवातल्या त्या शर्टवाल्यांसाठी हे फार आधी व्हायला हवं होतं.

शेतकऱ्याचं दुखणं वेगळंच. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. विधानसभेची निवडणूक 2009, 2014 आणि 2019 या तिन्ही वेळा ऑक्टोबरात आली, आणि आमचं भात पिकतं तेही तेव्हाच. कोणाची बंदूक घ्यायची नि कोणाची नाही हे माणूस बघून ठरवता येतं म्हणतात, आमच्याकडे सरसकट निरोप येतो. पावती घ्यायची आणि घरी येऊन पत्र्याचे डबे वाजवत बसायचं. एकदा महिन्या-दीड महिन्यानं बंदूक परत मिळाली ती तांबेरलेली, दस्त्याला चीर. विचारलं तर पावतीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून वाडीतली माणसं देण्याआधी नळीत तेलाचा बोळा सारतात. शिवाय डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, कारण 1972 चा वन्यजीव कायदा आहे. आवाज काढून हुसकावायलाच बंदूक उरली.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला दुसऱ्याच्या हाती पाठवायची तरी लेखी अधिकारपत्र लागतं. त्यामुळं धनी गेला की बंदूक जमा करायची आणि वारसानं नवा अर्ज करायचा. आमच्या वाडीत गेल्या पंधरा वर्षांत चार धनी गेले. तिघांचे मुलगे मुंबईला, त्यांनी अर्ज केलाच नाही. चौथ्याचा मुलगा शेती करतो. त्यानं अर्ज केलाय, कागद फिरतायत. मध्यंतरी त्यानं माझ्याकडे आजोबांची चंची मागितली. मी दिली, आत दोन जुन्या केपा होत्या त्या आधी पाण्याच्या बादलीत टाकून.