गाडी ऑइल खाते तेव्हा: ओंगणापासून डिपस्टिकपर्यंत

पवनीचा इतिहास म्हटला की आपण नेहमी जगन्नाथ टेकडीच्या स्तूपापासून सुरू करतो, १९६९-७०च्या उत्खननावर येतो, मग किल्ला आणि वैनगंगेचे घाट. आजचा भाग थोडा वेगळा, बोनेटखालचा आहे. घरची कार ऑइल का खाते, पूर्वी किती खायची, आणि ते थांबवायला माणसानं काय काय केलं, याची ही गोष्ट. शेवटी आपल्या खिशाचाही प्रश्न आहे, म्हणून कान देऊन ऐका.

सुरुवात बैलगाडीपासून करू. आपल्याकडे चाकाच्या आसाला लावायच्या तेलाला ओंगण म्हणत. एरंडेलात भिजवलेली चिंधी गाडीला टांगलेल्या नळीत असायची. लांबच्या गावाला निघायचं म्हणजे आधी ओंगण. नाही दिलं तर चाक कुरकुरायचं आणि आस घासला जायचा. आता गंमत बघा: तेल किती गेलं, असं कोणी विचारत नव्हतं. तेल जाणारच, आपण देत राहायचं. बैलाला चारा, तसं आसाला तेल.

पहिल्या मोटारींची रीतही जवळपास हीच होती. अनेक सुरुवातीच्या इंजिनांत तेल थेंबाथेंबानं आत जायचं, काम करायचं आणि जळून किंवा गळून जायचं. परत येण्याची सोयच नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत तर खास एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. ते धुराबरोबर बाहेर पडायचं आणि वैमानिकाच्या अंगावर उडायचं. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ सालचं. ते कॅस्टर, म्हणजे एरंड, यावरूनच आलं. आपल्या ओंगणाची चिंधी आणि विलायती इंजिन ऑइल यांचं मूळ असं एकाच झाडापाशी येतं.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेल खालच्या भागात साठायचं आणि फिरत्या भागांनी वर उडवलं जायचं. ते मोजायला काडीसुद्धा नव्हती. इंजिनच्या खालच्या बाजूला एकावर एक अशा दोन छोट्या तोट्या होत्या. गाडीखाली वाकायचं आणि तोटी उघडायची. वरच्या तोटीतून तेल आलं तर पुरेसं आहे, खालच्या तोटीतूनही आलं नाही तर आधी तेल भरा. पुढे डिपस्टिक आली, आपल्याकडे मिस्त्री जिला ऑइलची काडी म्हणतात ती. वाकणं वाचलं, पण बघणं सुटलं नव्हतं.

आता इंजिन तेल खातं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. त्याच्याभोवती साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः वायूचा दाब अडवतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडून खाली पाठवते. पातळ थर मात्र भिंतीवर राहावाच लागतो, नाहीतर लोखंडावर लोखंड घासेल. त्या थरातलं थोडं तेल प्रत्येक फेऱ्यात जळतं. म्हणून थोडंही तेल न खाणारं इंजिन नसतं. प्रश्न किती खातं, हा आहे. रिंगा झिजल्या किंवा काजळीनं चिकटल्या की खालून तेल वर चढतं. वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालं की तिथूनही ते झिरपतं. दोन्हीचा शेवट एकच: सायलेन्सरमधून निळसर धूर.

हा निळा धूर आपल्या पिढ्यांनी भरपूर पाहिला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली, पुढे १९७०च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. महाराष्ट्रात घरची गाडी म्हणजे बहुतेक वेळा हीच, नाहीतर कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून आहे ती गाडी जपून चालवणं हाच एक मार्ग होता. नव्या गाडीच्या काचेवर ‘रनिंग इन’ असा कागद चिकटवत. म्हणजे इंजिन अजून बसतंय, मी हळू जातोय, तुम्ही पुढे व्हा. रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना नीट बसण्यासाठी ही खबरदारी होती. गाडी जुनी झाली की हेड उघडून काजळी खरवडणं, रिंगा बदलणं आणि अगदीच झालं तर सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणं. ‘बोअरचं काम’ हा शब्द घरातल्या बायामाणसांनाही माहीत होता, कारण त्या महिन्याचा हिशोब कोलमडायचा.

पण त्या काळाची एक चांगली सवय होती. सकाळी गाडी काढण्याआधी बोनेट उघडायचं, फडक्यानं काडी पुसायची, परत घालून बघायची. डिक्कीत ऑइलचा डबा असायचाच. गाडी तेल खाते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी गाफील नव्हतं.

मग १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारीक मापाची बनावट. सिलिंडरची घडण सुधारली, सील सुधारले, ऑइलमध्ये काजळी धुणारी रसायनं आली. इंजिनातली वाफ आणि वायू पूर्वी नळीनं सरळ हवेत सोडत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलिफोर्नियात ते पुन्हा इंजिनात ओढून जाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह लावायला सुरुवात झाली. पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात त्याला. आज तो बहुतेक पेट्रोल गाड्यांत असतो. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं.

पुढचं वळण धुराचं. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल. ऑइलमधल्या झीज रोखणाऱ्या रसायनात फॉस्फरस असतो. इंजिन तेल जाळू लागलं की तो कन्व्हर्टरवर साचतो आणि कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणजे आता तेल खाणं हा नुसता तेलाचा खर्च राहिला नाही. तेलाचा डबा स्वस्त, कन्व्हर्टर महाग.

पद्मिनीचं उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. निळा धूर कमी झाला, सर्व्हिसिंगचं अंतर दहा हजार किलोमीटरपर्यंत गेलं. आणि आपण काडी बघणं सोडलं. माझं म्हणणं एवढंच आहे: इंजिन सुधारलं तसतशी आपली नजर सुटली, आणि आज इंजिन जातात ते बहुतेक या सुटलेल्या नजरेमुळे.

कारण तेल खाणं संपलेलं नाही. मायलेज वाढवण्यासाठी नव्या इंजिनांत रिंगांचा ताण कमी ठेवतात. ऑइलही पातळ झालं. कुठे जुनं २०डब्ल्यू-४० आणि कुठे आजचं ०डब्ल्यू-१६! काही युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल जाणं चालण्यासारखं धरलं आहे. हिशोब करा. काडीवरच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. अशी गाडी दोन हजार किलोमीटरमध्ये वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येईल. सर्व्हिसिंग मात्र दहा हजारांना!

आता पवनीत या. इतवारी-नागभीड नॅरोगेज २०१९ साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा पवनी रोड स्टेशनवरून गाडी धरण्याची सोयही गेली. नागपूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. दवाखाना, परीक्षा, लग्न, सगळं रस्त्यानं. म्हणून घराघरांत सेकंड हँड कार आल्या, लाखभर किलोमीटर फिरलेल्या. वर धूळ: शेताची, रेतीच्या ट्रकांची, १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्दच्या कामावरच्या वाहनांची. धुळीतले वाळूचे बारीक कण एअर फिल्टरच्या फटीतून आत गेले की रिंगा आणि सिलिंडर घासून काढतात. आपल्या भागात तेल खाण्याचं एक मोठं कारण ऑइलमध्ये नसतं, ते एअर फिल्टरमध्ये असतं.

माझ्या ओळखीच्या एका घरात आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नागपूरला नेतात. भिवापूरच्या पुढे डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. मुलाला वाटलं, उमरेडला पोचून ऑइल टाकू. उमरेडच्या आधीच इंजिन जाम झालं. आई रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसून होती, दुसरी गाडी येईपर्यंत. तो लाल दिवा तेलाच्या पातळीचा नसतो मंडळी, तेलाच्या दाबाचा असतो. तो पेटला म्हणजे सूचना मिळाली असं नाही, वेळ जवळपास संपली असं समजायचं. गाडी तिथेच थांबवायची, इंजिन बंद.

मग करायचं काय? इतिहासानंच यादी करून ठेवली आहे. दर रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काडी बघा. डायरीत किलोमीटर आणि टाकलेलं ऑइल लिहा. दोन महिन्यांत आपली गाडी किती खाते ते कळेल. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर तेल जळत नाही, गळतंय. मग व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ऑइल सील आणि खालच्या नटाचा वॉशर बघायचा. हे सगळं बोअरच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त.

धूर वाचायला शिका. सकाळी चालू करताना एकदा निळा झोत येऊन थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर, जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर. रिंगा उघडण्याआधी मिस्त्रीला पीसीव्ही व्हॉल्व्ह बघायला सांगा, आणि कॉम्प्रेशन मोजायला लावा. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच बघत जा. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जाड ऑइल टाकलं की गाडी कमी खाते, हा पद्मिनीच्या काळचा उपाय आजच्या बारीक वाटांच्या इंजिनाला सोसत नाही. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं तेल फेसाळतं आणि जळतं. आणि मुदत झाली की ऑइल बदला, कारण जुन्या ऑइलच्या काजळीनंच रिंगा चिकटतात.

सेकंड हँड गाडी घेणार असाल तर इंजिन थंड असताना जा, आधी चालू करून ठेवू देऊ नका. पहिला धूर आपल्या डोळ्यांनी पाहा.

आपले आजे-पणजे लांबच्या गावाला निघताना आधी ओंगण बघायचे. चाक बदललं, तेल बदललं, बघण्याला अजून अर्धा मिनिटच लागतो. या रविवारी काडी काढा, आणि तुमच्या गाडीचा आकडा आम्हाला कळवा. पुढच्या भागात वैनगंगेवरच्या नावाड्यांबद्दल बोलू. तोवर, येतो.