न्यायसभेतील अश्रू : 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'मधील प्रेम आणि परलोक

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर ह्यांचा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (१९४६) हा ब्रिटिश चित्रपट प्रेमाने मृत्यूवर मिळविलेल्या विजयाची कथा म्हणून ओळखला जातो. ही ओळख चुकीची नाही. मात्र हा विजय देवाच्या कृपेने किंवा तपाच्या बळाने मिळत नाही. तो एका न्यायसभेत मिळतो, आणि त्या सभेतील ज्यूरी मध्येच बदलली जाते. ही एक घटना गंभीरपणे घेतली, तर ह्या अद्भुतकथेतील परलोक हा इतिहासाचाच एक प्रदेश आहे असे दिसू लागते.

चित्रपटाच्या निर्मितीमागे प्रेम नव्हते, परराष्ट्रसंबंध होते. युद्धाच्या अखेरच्या काळात ब्रिटनमध्ये अमेरिकन सैन्याची मोठी वस्ती होती आणि मित्रराष्ट्रांच्या मैत्रीत कुरबुरी सुरू झाल्या होत्या. हे संबंध सुधारतील असा चित्रपट काढावा, अशी सूचना ब्रिटिश माहिती मंत्रालयाकडून आली. टेक्निकलरचे कॅमेरे युद्धकाळात मिळेनात, तेव्हा दोघांनी मधल्या वेळात 'आय नो व्हेअर आय ॲम गोइंग!' हा कृष्णधवल चित्रपट केला. प्रत्यक्ष चित्रीकरण १९४५च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाले, तोवर युद्ध संपले होते. प्रचाराची गरज ओसरल्यावर प्रचाराचा आराखडा तेवढा शिल्लक राहिला, आणि त्यात मृतांचा प्रश्न शिरला.

कथेचा प्रारंभ २ मे १९४५च्या रात्रीचा. पेटलेल्या लँकेस्टर विमानातून स्क्वाड्रन लीडर पीटर कार्टर बिनतारी यंत्रावर जून ह्या अमेरिकन तरुणीशी बोलतो, आणि पॅराशूटवाचून उडी घेतो. त्याला न्यायला आलेला परलोकाचा दूत, फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेद झालेला एक सरदार, धुक्यात त्याला हुकवतो. पीटर जगतो, जूनला भेटतो, दोघे प्रेमात पडतात. दूत उशिरा येऊन त्याला मागू लागतो तेव्हा पीटर अपील करतो. त्याचे म्हणणे साधे आहे : चूक तुमच्या कचेरीची, तिच्यामुळे जे प्रेम जन्माला आले, त्याची जबाबदारीही तुमचीच.

हा परलोक खरोखरच कचेरीसारखा आहे. तेथे नोंदवह्या आहेत, आलेल्यांची मोजदाद आहे, हजार वर्षांत चूक न झाल्याचा अभिमान आहे. छायाचित्रकार जॅक कार्डिफ आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे ह्यांनी त्याला दिलेले रूप आजही थक्क करते. पृथ्वी रंगीत आहे आणि परलोक रंगहीन. 'द विझार्ड ऑफ ऑझ'ने (१९३९) वास्तवाला रंगहीन आणि कल्पितलोकाला रंगीत ठरविले होते. येथे ती वाटणी उलटली आहे. परलोकातील दृश्येही टेक्निकलर फिल्मवरच टिपली गेली. छपाईत त्यांवर रंग चढविला गेला नाही. त्यामुळे त्या करड्या छटांना मोत्यासारखी झाक आली. दोन लोकांना जोडणारा १०६ पायऱ्यांचा, २० फूट रुंदीचा सरकता जिना यंत्राने खरोखर चालत असे. परलोकाच्या दूतालाही पृथ्वीवर आल्यावर रंगांची भूक लागलेली असते. हा केवळ विनोद नव्हे. कोणता लोक हवासा, ह्याचा निवाडा रंगाने खटल्याआधीच केलेला आहे.

तोदोरोव्हने (१९७०) अद्भुताचे मर्म वाचकाच्या दोलायमानतेत शोधले. घडते आहे ते निसर्गनियमांत बसते की त्यांपलीकडचे आहे, हे न ठरणे म्हणजे अद्भुत. ही व्याख्या ह्या चित्रपटाला जवळजवळ तंतोतंत लागू पडते. दुसरा लोक एका वैमानिकाच्या मनातच आहे, असे प्रारंभीच सांगितले जाते. दूत येण्यापूर्वी पीटरला तळलेल्या कांद्याचा वास येतो, आणि डॉक्टर रीव्हज हे मेंदूच्या विकाराचे लक्षण मानतो. पीटरच्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असतानाच वर खटला चालतो. शल्यविशारद आणि न्यायाधीश ह्या दोन्ही भूमिका एकाच नटाने, अब्राहम सोफेअरने केल्या आहेत. सोफेअरचा जन्म ब्रिटिश अमलाखालील रंगूनचा. एका अर्थी साम्राज्याच्या प्रजाजनापैकी एक जण येथे न्यायासनावर बसला आहे.

अपघातात मरण पावलेला रीव्हजच पीटरचा वकील होतो. विरुद्ध बाजूला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश गोळीला बळी पडलेला अब्राहम फार्लन. ज्यूरीवर फ्रेंच, बोअर, रशियन, चिनी, भारतीय आणि आयरिश असे सहा जण असतात. इंग्लंडने केलेल्या युद्धांची आणि राजवटींची ही जणू अनुक्रमणिकाच. प्रेमकथेला अशी सभा आवश्यक नव्हती. ती योजिली गेली हे ह्या कर्त्यांचे धैर्य. पण पुढच्याच क्षणी रीव्हज ह्या ज्यूरीवर आक्षेप घेतो आणि तिच्या जागी नानाविध वंशांचे अमेरिकन नागरिक येतात. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, वसाहतींचा अनुभव साक्ष म्हणून ऐकला जात नाही. तो पूर्वग्रह म्हणून बाजूला सारला जातो. साक्ष म्हणून दाखल होतो तो एका गुलाबावर टिपलेला जूनचा अश्रू.

ह्या अदलाबदलीला एक बोचरा ऐतिहासिक संदर्भ आहे. भगतसिंग थिंड ह्या पंजाबी माणसाच्या दाव्यात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९२३मध्ये भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले होते. ती अपात्रता लूस-सेलर कायद्याने जुलै १९४६मध्ये दूर झाली, तीही वर्षाला १०० जणांच्या स्थलांतर-कोट्यासह. म्हणजे चित्रीकरण चालू असताना पृथ्वीवरच्या अमेरिकेत त्या भारतीय ज्यूररला रीतसर नागरिक होणेच शक्य नव्हते. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. नोव्हेंबरमध्ये हा चित्रपट लंडनमध्ये राजपरिवारासमोर दाखविला गेला.

मराठी वाचकाला येथे सावित्री आठवणे अपरिहार्य आहे. तुलना वरवरची वाटेल, पण ती एका ठिकाणी उपयोगी पडते. वनपर्वातील सावित्री यमाशी चालता चालता बोलत राहते आणि पतीच्या प्राणांआधी सासऱ्याची दृष्टी, त्याचे गेलेले राज्य, पित्याला पुत्र असे वर मिळविते. तिच्या प्रेमाबरोबर इतरांची हानीही भरून निघते. जून बोलत नाही. पीटरच्या जागी मरायला तयार होऊन ती जिन्यावर चढते, जिना थांबतो आणि ती धावत परत येते. हे दृश्य अत्यंत हृद्य आहे; परंतु सुटका होते ती दोघांचीच. ज्यूरीवरून उठविलेल्यांचे काय झाले, हे संहिता विचारीत नाही.

ह्या संकोचाचा दोष सर्वस्वी कर्त्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. हंगेरीत जन्मलेला ज्यू प्रेसबर्गर १९३५मध्ये ब्रिटनला आला. युद्धकाळात तो कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक होता आणि ब्रिटिश नागरिकत्व त्याला १९४६मध्ये मिळाले. त्याची आई ऑशविट्झमध्ये मारली गेली. त्याने कल्पिलेल्या परलोकात आलेल्या प्रत्येकाची नोंद होते, आणि एक माणूस कमी भरला तरी धोक्याची घंटा वाजते.